‘निरंक’ आणि ‘अप्राप्त’ : बीड जिल्ह्याच्या रास्टर-आधारित पर्यावरणीय प्रतिमानांतील गहाळ माहितीची चिकित्सा

१. प्रस्तावना

शासकीय दप्तरात ‘निरंक’ आणि ‘माहिती अप्राप्त’ असे दोन वेगळे शेरे रूढ आहेत. ज्या दिवशी पाऊस झाला नाही त्या दिवसाची नोंद निरंक होय. ज्या दिवशी पर्जन्यमापक नादुरुस्त होते किंवा नोंद घेणारा कर्मचारी उपस्थित नव्हता त्या दिवसाची नोंद अप्राप्त होय. पहिला शेरा निसर्गाविषयी काही सांगतो, दुसरा फक्त नोंदीविषयी. या दोहोंची गल्लत झाली तर कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस एकच ठरतात. कारकुनाच्या हातून अशी गल्लत झाली तर ती वरिष्ठाच्या तपासणीत सापडू शकते. संगणकावर मात्र ती कोट्यवधी आकड्यांच्या पोटात दडून राहते आणि शेवटी रंगीत नकाशाच्या रूपाने बाहेर पडते.

गेल्या दोन दशकांत भौगोलिक माहिती प्रणाली आणि सुदूर संवेदन ही तंत्रे महाविद्यालयीन संशोधनात स्थिरावली आहेत. जमिनीची धूप, पाणलोटाचा जलताळेबंद, पीकस्थिती, दुष्काळाची तीव्रता अशा विषयांवर जिल्हा अथवा तालुका हे एकक धरून अभ्यास होतात. त्यांतील बहुतेक प्रतिमाने रास्टर स्वरूपाची असतात. या अभ्यासांत दोन अडचणी हमखास येतात. एक, काही घरांत माहितीच नसते. दोन, प्रतिमान चालू असताना आज्ञावली मध्येच बंद पडते. दोन्ही अडचणी तांत्रिक समजून परस्पर निस्तरल्या जातात आणि प्रबंधात किंवा लेखात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रघाताची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. रिकामी घरे योगायोगाने पडत नाहीत. जेथे प्रश्न सर्वांत बिकट असतो नेमक्या तेथेच ती बहुधा पडतात. म्हणून ती मुकाट्याने भरणे ही तांत्रिक दुरुस्ती राहत नाही, तो एक निर्णय होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

२. रिकाम्या घराची भाषा

रास्टर म्हणजे समान आकाराच्या घरांत विभागलेला भूप्रदेश. प्रत्येक घरात एक आकडा असतो. संगणकाला रिकामे घर ठेवता येत नाही, तेथे काहीतरी लिहावेच लागते. म्हणून वास्तवात संभवणार नाही असा एखादा आकडा ‘माहिती नाही’ या अर्थाने योजला जातो. हा संकेत सर्वत्र सारखा नाही, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे.

भारतीय हवामान खात्याच्या ०.२५ अंशाच्या दैनंदिन पर्जन्य-जाळ्यात हा आकडा उणे ९९९ आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या ‘एसआरटीएम’ रडार सर्वेक्षणाच्या मूळ उंची-माहितीत तो उणे ३२,७६८ आहे. ‘मोडिस’ संवेदकाच्या सोळा दिवसांच्या वनस्पती निर्देशांकात तो उणे ३,००० आहे आणि त्या माहितीला ०.०००१ ने गुणावयाचे असते. अन्य अनेक आज्ञावल्या उणे ९,९९९ वापरतात, तर भूमी-वापराच्या नकाशांत काही वेळा ० आणि काही वेळा २५५ हाच संकेत असतो.

यांपैकी उणे ३२,७६८ मीटर उंची नकाशावर आली तर ती तत्काळ लक्षात येते. उणे ३,००० ची गोष्ट वेगळी आहे. ०.०००१ ने गुणल्यावर त्याचे उणे ०.३ होते, आणि वनस्पती निर्देशांकाची मूल्ये उणे १ ते अधिक १ या दरम्यानच असल्याने उणे ०.३ कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. शून्याची गोष्ट त्याहून कठीण. पावसाच्या स्तंभातील शून्य खरे की खोटे, हे शून्याकडे पाहून कधीच कळत नाही. चूक जितकी विसंगत तितकी ती निरुपद्रवी आणि जितकी संभाव्य तितकी घातक, असा नियम येथे दिसून येतो.

रिकामे घर प्रत्येक वेळी दोषच असते असेही नाही. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ. कि.मी. आहे. तो पूर्व-पश्चिम सुमारे दोन अंश आणि दक्षिणोत्तर सुमारे एक अंश पसरलेला असल्याने त्याला वेढणारा आयत २३ हजार चौ. कि.मी.च्या आसपास जातो. रास्टर नेहमी आयताकृती असल्यामुळे जिल्ह्याच्या कोणत्याही रास्टरमध्ये निम्म्याहून अधिक घरे सीमेबाहेरची, म्हणजे रास्तपणे रिकामी असतात. यामुळे ‘एकूण घरांपैकी इतकी टक्के घरे रिकामी’ हा आज्ञावलीने दिलेला आकडा काहीच सांगत नाही. जिल्ह्याच्या सीमेच्या आत किती घरे रिकामी आहेत, हा खरा प्रश्न होय.

३. रिकामी घरे कोठे पडतात?

संख्याशास्त्रात गहाळ माहितीच्या विचाराला डोनाल्ड रुबिन यांच्या १९७६ च्या शोधनिबंधाने निश्चित दिशा दिली. माहिती निव्वळ यदृच्छेने गहाळ झाली असेल तर उरलेल्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष फारसा बिघडत नाही. पण गहाळ होण्याचे कारण मोजावयाच्या राशीशीच निगडित असेल तर तो बिघडतो, हा त्या विचाराचा गाभा. पर्यावरणीय रास्टरमध्ये बहुधा दुसराच प्रकार आढळतो. त्याची तीन उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण ढगांचे. खरीप पिकांची स्थिती जाणण्यासाठी जुलै-ऑगस्टमधील उपग्रह प्रतिमा हव्या असतात आणि त्याच महिन्यांत आकाश ढगाळ असते. प्रकाशीय संवेदकाला ढगांखालचे दिसत नाही. ज्या भागावर ढग टिकून आहेत तेथे पावसाची शक्यताही अधिक असते. म्हणजे माहिती नेमकी ओल्या भागातून गहाळ होते. हे रिकामे घर ‘वनस्पती कमी’ असे वाचले गेले तर पाऊस झालेला भाग दुष्काळी दिसतो. आणि तेच घर वगळले तर तालुक्याची सरासरी केवळ उघडीप असलेल्या, तुलनेने कोरड्या भागाची सरासरी ठरते.

दुसरे उदाहरण उंचीचे. जिल्ह्याचा दक्षिणेकडील बालाघाटचा उंच प्रदेश आणि उत्तरेकडील गोदाकाठची गंगथडी यांच्यामध्ये उताराची तीव्र पट्टी आहे. मांजरसुंबा व धारूरचे घाट याच पट्टीत येतात. रडार पद्धतीच्या सर्वेक्षणात तीव्र उतारामागील छाया आणि संथ पाण्याचा पृष्ठभाग या दोन ठिकाणी रिकामी घरे संभवतात. धुपीचा प्रश्न उतारावर सर्वांत तीव्र असतो आणि गाळाचा प्रश्न जलाशयात. उंचीची माहिती ज्या ठिकाणी सर्वाधिक आवश्यक, त्याच ठिकाणी तिच्याविषयी शंका अधिक असते. पुढील काळात प्रसृत झालेल्या आवृत्त्यांत ही घरे अन्य स्रोतांवरून भरलेली आहेत. त्यामुळे आजच्या अभ्यासकाला पोकळी दिसतच नाही. आधीच कोणीतरी केलेला भरणा तो मोजमाप म्हणून स्वीकारतो.

तिसरे उदाहरण पर्जन्यमापकाचे. मराठवाड्यात पाऊस सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो. आष्टी-पाटोदा हा भाग पर्जन्यछायेत आहे, तर अंबाजोगाई-परळीचा भाग तुलनेने बरा आहे. हवामान खात्याचे ०.२५ अंशाचे जाळे या अक्षवृत्तावर सुमारे ७३० चौ. कि.मी.चे एक घर करते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने संपूर्ण बीड जिल्ह्यात अशी पंधराच्या आसपास घरे बसतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जाळ्यासाठी देशभरातील ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. तथापि प्रत्येक दिवशी प्रत्येक केंद्राची नोंद उपलब्ध नव्हती. ज्या दिवशी जवळचे केंद्र मुके असते त्या दिवशी दूरच्या केंद्रांच्या नोंदींना अंतरानुसार वजन देऊन घराचे मूल्य काढले जाते. परिणामी अंतिम जाळ्यात भूभागावर रिकामे घर जवळजवळ दिसतच नाही. घर भरलेले आहे, परंतु त्यात मोजमाप किती आणि अनुमान किती हे त्या एका आकड्यावरून उमगत नाही.

संपूर्ण दोष यंत्राचाच असल्याचे उदाहरणही आहे. ३१ मे २००३ रोजी ‘लँडसॅट-७’ उपग्रहावरील रेषा-दुरुस्ती यंत्रणा निकामी झाली आणि त्यानंतरच्या प्रत्येक दृश्यातील सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी गहाळ होऊ लागला. या पट्ट्यांचा भूमीच्या स्वरूपाशी संबंध नव्हता आणि त्या उघड्या डोळ्यांना दिसत होत्या, म्हणून अभ्यासक सावध राहिले. जी पोकळी दिसते ती फसवीत नाही.

४. एका रिकाम्या घराचा परिणाम

रिकामे घर प्रतिमानात कसे वागेल हे त्यावर होणाऱ्या क्रियेवर अवलंबून असते. येथे सरासरी, गुणाकार आणि प्रवाह या तीन क्रियांचा विचार पुरेसा आहे.

सरासरीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या तालुक्यात १०० घरे आहेत; ८० घरांत वनस्पती निर्देशांक ०.५० आहे आणि २० घरे ढगांमुळे रिकामी आहेत. रिकामी घरे वगळली तर सरासरी ०.५० येते. ती शून्य धरली तर ०.४० येते. उणे ०.३ हा संकेत मूल्य म्हणून वाचला गेला तर ०.३४ येते. त्या पंधरवड्यातील आजवरचे किमान मूल्य ०.२५ व कमाल मूल्य ०.६५ मानल्यास वनस्पती स्थिती निर्देशांक अनुक्रमे ६२.५, ३७.५ आणि २२.५ होतो. सामान्यतः ४० पेक्षा कमी निर्देशांक हे पिकावरील ताणाचे लक्षण समजले जाते. शेतातील पीक तेच आहे. केवळ रिकाम्या घराचे वाचन बदलल्याने तालुका सुस्थितीतून ताणात जातो.

गुणाकाराचे उदाहरण जमिनीच्या धुपीचे आहे. सार्वत्रिक मृदा-धूप समीकरणात पर्जन्य, मृदा, उतार, पीक-आच्छादन आणि संधारण या घटकांचा गुणाकार असतो. पाचांपैकी एका घटकाचे घर रिकामे असले तर नियमानुसार उत्तराचे घरही रिकामे राहते. मृदा नकाशात जलाशय व गावठाण रिकामे, उंचीत काठावरची घरे रिकामी, पर्जन्यात सीमेजवळचा कोपरा रिकामा. प्रत्येकी थोडीच घरे असली तरी गुणाकारात त्या सर्वांची बेरीज होते. ही भोके बुजविण्यासाठी रिकाम्या जागी शून्य घातले तर धूपही शून्य येते आणि डोंगरउताराचा तुकडा नकाशावर ‘अत्यल्प धूप’ या हिरव्या रंगात झळकतो. अशा नकाशावरून पाणलोटाच्या कामांचा प्राधान्यक्रम ठरला तर बांधबंदिस्तीची खरी गरज असलेला उतार यादीच्या तळाशी जातो.

प्रवाहाची गोष्ट याहून वेगळी आहे. उंचीच्या रास्टरवरून पाण्याची दिशा ठरविताना प्रत्येक घरातील पाणी शेजारच्या आठ घरांपैकी सर्वाधिक उताराच्या घरात जाते असे मानतात. ओ’कॅलॅघन आणि मार्क यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही प्रचलित आहे. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावून पूर्वेकडे वाहते. तिच्या पात्रातले एकच घर रिकामे राहिले तर त्यावरील सर्व पाणलोटाचे पाणी हिशेबातून तेथेच नाहीसे होते आणि खालच्या धनेगाव धरणाला मिळणारे पाणलोट क्षेत्र अचानक आक्रसते. सरासरीत एका घराची चूक एका घराइतकी असते. प्रवाहात ती संपूर्ण खोऱ्याइतकी होऊ शकते.

५. आज्ञावली बंद का पडते?

आज्ञावली बंद पडण्याची कारणे वरवर अनेक दिसली तरी ती दोन गटांत बसतात. पहिला गट क्षमतेचा. बीड जिल्ह्याचे क्षेत्र ३० मीटरच्या घरांत विभागले तर सुमारे १ कोटी १९ लाख घरे होतात. १० मीटरच्या घरांत विभागले तर १० कोटी ६९ लाख. सीमेबाहेरचा आयत धरला तर हा आकडा २३ कोटींच्या पुढे जातो. प्रत्येक घराला ८ बाइट लागल्यास एकच थर १८० कोटी बाइटांहून अधिक जागा व्यापतो, आणि जुन्या ३२-बिट आज्ञावल्यांची मर्यादा सामान्यतः २ गिगाबाइट होती. दुसरा थर उघडताच त्या बंद पडत यात नवल नव्हते. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांचा दैनंदिन जलताळेबंद याच सूक्ष्मतेने ठेवावयाचा झाल्यास, घरामागे ४ बाइट धरूनही, एका राशीलाच ११० गिगाबाइटांच्या वर जागा लागते. सर्व माहिती एकदम मेमरीत न घेता तुकड्यातुकड्यांनी वाचणे हाच त्यावरचा उपाय आहे.

राज्याचा विचार केल्यास आणखी एक मर्यादा आड येते. महाराष्ट्राचे ३,०७,७१३ चौ. कि.मी. क्षेत्र १० मीटरच्या घरांत विभागल्यास ३०७ कोटींहून अधिक घरे होतात. ३२-बिट चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडची संख्या मावत नाही. घरे मोजणारा गणकच उलटून ऋण होतो आणि मेमरी कितीही असली तरी प्रतिमान कोसळते. त्याचप्रमाणे पारंपरिक टिफ धारिकेची मर्यादा ४ गिगाबाइट असल्याने मोठ्या निष्पत्तीसाठी बिगटिफ हा प्रकार वापरावा लागतो.

दुसरा गट विसंगतीचा. भूमी-वापराच्या रास्टरमध्ये असलेला एखादा संकेतांक गुणकांच्या तक्त्यात नसणे, दोन थरांचे प्रक्षेपण वेगळे असणे, घरांच्या कडा एकमेकांशी न जुळणे, रिकाम्या घराचा संकेत घोषितच केलेला नसणे ही त्याची नेहमीची रूपे होत. या ठिकाणी आज्ञावली थांबते ती अशक्त म्हणून नव्हे, तर तिला दिलेल्या माहितीत परस्परविरोध आहे म्हणून. ‘या संकेतांकाचा अर्थ सांगितलेला नाही’ असे ती म्हणत असते. हा संदेश न वाचता तक्त्यात अंदाजाने एक ओळ वाढविणे, किंवा अनोळखी संकेतांकाला शून्य देणे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासारखे होय.

क्षमतेच्या अडचणीतूनही गहाळ माहिती निर्माण होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. डिस्कवरील जागा संपल्याने किंवा वीज गेल्याने लेखन अर्धवट राहिले तर धारिका तयार झालेली दिसते, ती उघडतेही. परंतु न लिहिलेल्या भागात रिकाम्या घराचा संकेत किंवा, तो घोषित नसल्यास, शून्य वाचले जाते. अर्ध्या जिल्ह्यात धूप शून्य असण्याचे कारण भूरूपात नसून मध्येच खंडित झालेल्या वीजपुरवठ्यात असू शकते. बंद पडलेल्या प्रक्रियेची अर्धी धारिका पुसून काम नव्याने सुरू करणे हा म्हणूनच पहिला नियम मानला पाहिजे.

या दृष्टीने बंद पडणारे प्रतिमान हे मुकाट्याने पूर्ण होणाऱ्या प्रतिमानापेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. ते निदान अडचण आहे एवढे तरी सांगते.

६. निर्णयाच्या जागी रास्टर

हा सर्व विचार प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिला असता तर त्याची निकड एवढी भासली नसती. परंतु मराठवाड्यात रास्टरवरून निघालेले आकडे आता प्रशासकीय निर्णयांचा आधार झाले आहेत. पूर्वी टंचाई ठरविण्याचे मुख्य साधन पैसेवारी हे होते. नजर, सुधारित आणि अंतिम असे तिचे टप्पे असत आणि पन्नास पैशांच्या आत-बाहेर गावाचे भवितव्य ठरे. तिच्यावर आक्षेप पुष्कळ होते, पण आकडा कोणी लावला हे गावाला ठाऊक असे आणि त्यावर वाद घालता येत असे. केंद्र शासनाच्या डिसेंबर २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यातील तूट, पावसातील खंड, उपग्रहाधारित वनस्पती निर्देशांक, मृदा-आर्द्रता आणि जलसाठे अशा शास्त्रीय निकषांना स्थान दिले आणि महाराष्ट्राने २०१७ मध्ये तदनुसार कार्यपद्धती ठरविली. या बदलाने निर्णय अधिक वस्तुनिष्ठ झाला. त्याबरोबर तो निर्देशांकाच्या अचूकतेवर अधिक विसंबूनही राहिला.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात बीड जिल्ह्याचे सर्व ११ तालुके होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत मात्र वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके होते. त्यानंतर कमी पाऊस झालेल्या सुमारे एक हजार महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विभाजनातून नव्याने निर्माण झालेल्या दोनशेहून अधिक मंडळांचा त्यात समावेश झाला. या निर्णयांत गहाळ माहितीमुळे चूक झाली असे येथे सुचवावयाचे नाही. मुद्दा वेगळा आहे. नव्या मंडळाला स्वतःच्या पर्जन्याचा इतिहास नसतो. त्याच्या सरासरीचे घर रिकामे असते आणि ते जुन्या मंडळाच्या आकड्याने भरावे लागते. तो भरणा न्याय्य असू शकतो, मात्र तो भरणा आहे हे दप्तरात नोंदलेले असले पाहिजे.

अतिवृष्टीचा निकष याहून काटेकोर आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते. समजा, शेजारच्या चार मंडळांपैकी एकात ८० मि.मी. आणि उरलेल्या तिघांत प्रत्येकी २० मि.मी. पाऊस झाला. चौघांची सरासरी ३५ मि.मी. येते. ८० मि.मी.ची नोंद अप्राप्त असून ती शेजाऱ्यांवरून भरली गेली तर तेथे २० मि.मी. दिसेल. सरासरी काढणाऱ्या कोणत्याही भरण्यात टोकाचे मूल्य नाहीसे होते, आणि निकष तर टोकाच्या मूल्यावरच बेतलेला आहे. मासिक सरासरीसाठी उत्तम असलेले भरलेले जाळे मर्यादा-आधारित निर्णयासाठी अपात्र ठरते ते यामुळेच. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, त्यांचे महत्त्व या संदर्भात आहे; मात्र केंद्र उभे असणे आणि त्या दिवशी त्याची नोंद मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच पातळीवरचे पर्जन्य, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे मृदा व भूमी-वापर नकाशे आणि उताराची माहिती यांच्या आधारे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे दैनंदिन जलताळेबंदाचे प्रतिमान विकसित झाले. बीड जिल्हा या प्रकल्पात आहे. गावाच्या शिवारात किती पाणी अडविता येईल याचा हिशेब असा मांडला जाणे स्वागतार्ह आहे. ज्या धनेगाव धरणावर केज-अंबाजोगाईपासून लातूर शहरापर्यंतची तहान अवलंबून आहे, ते कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा प्रदेशात जलताळेबंदातील एक रिकामे घर ही केवळ शैक्षणिक बाब राहत नाही.

७. आक्षेप आणि अभ्यासपद्धती

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप संभवतो. रिकामी घरे भरली नाहीत तर कोणतेही प्रतिमान चालणार नाही आणि मराठवाड्यासारख्या विरळ नोंदींच्या प्रदेशात संशोधनच अशक्य होईल. आक्षेपातील तथ्य मान्य करावे लागते. शेजारच्या केंद्रांवरून मूल्य काढणे, उंचीतील खळगे बुजविणे, अनेक दिवसांच्या प्रतिमांतून ढगविरहित प्रतिमा जुळविणे या मान्यताप्राप्त पद्धती आहेत. हरकत भरण्याला नाही, भरणा लपविण्याला आहे. भरलेले घर आणि मोजलेले घर नकाशावर एकाच रंगात दाखविले की वाचकाचा परीक्षणाचा हक्क हिरावला जातो.

दुसरा दोष खोट्या सूक्ष्मतेचा. ०.२५ अंशाचे पावसाचे एक घर ३० मीटरच्या घरांत विभागले की त्याची आठ लाखांहून अधिक घरे होतात. नकाशा गुळगुळीत व सूक्ष्म दिसतो, पण पावसाविषयीची माहिती एका आकड्याइतकीच राहते. शेतपातळीवरचा निष्कर्ष अशा नकाशावरून काढणे समर्थनीय नाही.

तिसरा दोष पडताळणीच्या क्रमाचा. प्रतिमान बंद पडले की अधिक मेमरीचा संगणक मागितला जातो, आणि तो उपलब्ध नसल्यास घरांचा आकार वाढविला जातो. मोठ्या घरांवर प्रतिमान चालते खरे. पण घराचा आकार बदलला की उतार सौम्य होतो आणि धुपीचे उत्तरही बदलते. त्यापेक्षा पुढील क्रम कमी खर्चाचा व अधिक विश्वसनीय ठरतो.

(१) आज्ञावलीने लिहिलेली नोंदवही वाचून ती कोणत्या थरावर थांबली ते निश्चित करावे.
(२) प्रत्येक थरातील रिकाम्या घराचा संकेत, किमान व कमाल मूल्य पाहावे. ऋण पाऊस किंवा ऋण धूप आढळल्यास पुढे जाऊ नये.
(३) सर्व थरांचे प्रक्षेपण, घराचा आकार आणि कडा जुळवाव्यात. भूमी-वापराचे सर्व संकेतांक तक्त्यात असल्याची खात्री करावी.
(४) बिंदुसरेसारख्या एका लहान उपखोऱ्यावर प्रतिमान चालवावे. तेथेही ते बंद पडले तर दोष माहितीत आहे. तेथे चालून जिल्ह्यावर बंद पडले तर दोष बहुधा क्षमतेत आहे.
(५) अंतिम नकाशासोबत दुसरा नकाशा द्यावा, ज्यात प्रत्येक घर मोजलेले, भरलेले की रिकामे हे दाखविलेले असेल.

पाचव्या सूचनेसाठी नवे यंत्र किंवा नवी आज्ञावली लागत नाही, थोडे धैर्य मात्र लागते. पोकळी दाखविणारा नकाशा परीक्षकाला अपुरा वाटण्याची भीती संशोधकाला असते आणि ती निराधार नाही. म्हणून ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. मार्गदर्शक आणि परीक्षक यांनी मौखिक परीक्षेत ‘सीमेच्या आत किती घरे रिकामी होती आणि ती कशाने भरली?’ हा एक प्रश्न नियमाने विचारला तरी प्रघात बदलू शकेल.

८. निष्कर्ष

रास्टर प्रतिमानांतील गहाळ माहिती आणि आज्ञावलीचे बंद पडणे या दोन अडचणींकडे संशोधनपूर्व कटकटी म्हणून पाहण्याचा प्रघात सदोष आहे. ढग, तीव्र उतार आणि मुके पर्जन्यमापक यांच्यामुळे पडणारी पोकळी प्रश्नाच्या मर्मस्थानीच पडते. म्हणून तिचे स्थान व प्रमाण हाही संशोधनाचा निष्कर्ष मानला पाहिजे. सरासरीत, गुणाकारात आणि प्रवाहात तिचा परिणाम भिन्न असल्याने भरण्याची एकच पद्धत सर्वत्र लागू करता येत नाही. मर्यादा-आधारित शासकीय निकषांसाठी तर सरासरीने भरलेले आकडे वापरणे धोक्याचे आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात अशा आकड्यांवर टंचाईच्या सवलती, पाणलोटाची कामे आणि नुकसानभरपाई अवलंबून असतात. ज्याच्या शिवारावरचे घर रिकामे राहिले त्या शेतकऱ्याला ते रिकामे होते हेही कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ निकाल. पैसेवारीच्या काळात त्याला तलाठ्याकडे जाऊन आकड्याविषयी विचारता येत असे. रास्टरच्या काळात तो हक्क टिकवावयाचा असेल तर नकाशा करणाऱ्याने निरंक जेथे आहे तेथे निरंक आणि अप्राप्त जेथे आहे तेथे अप्राप्त असेच लिहिले पाहिजे.